मुदतीची हुंडी

जुन्या पेढ्यांवर हुंडीचे दोन मुख्य प्रकार चालत, दर्शनी आणि मुदती. दर्शनी हुंडी समोर आली की तिचे पैसे तेथल्या तेथे मोजावे लागत. मुदती हुंडीचा दिवस ठरलेला असे आणि त्या दिवसापूर्वी तिचे पैसे मागण्याचा अधिकार कोणालाही नसे. 1881 च्या कायद्याने तर मुदतीच्या बिलांना वर तीन दिवसांची सवलत दिली. हा भेद नव्या पिढीला आता पुस्तकातूनच ठाऊक असेल. परंतु सीटी स्कॅनच्या अहवालात ‘फुफ्फुसात नोड्यूल’ असे शब्द वाचून ज्या घराची झोप उडते, त्या घराला तो पुन्हा समजावून सांगण्याजोगा आहे. असा अहवाल बहुतेक वेळा मुदतीचा असतो. घर मात्र तो दर्शनी समजते आणि त्याच रात्री सगळी चिंता मोजून देते.

नोड्यूल या शब्दाला मराठीत सोयीचा प्रतिशब्द नाही, आणि अर्धी भीती तेथूनच सुरू होते. ‘गाठ’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात कर्करोग येतो, ‘डाग’ म्हटले की क्षय. नोड्यूल या दोहोंपैकी कशाचाच निर्वाळा देत नाही. हवेने भरलेल्या फुफ्फुसात तीन सेंटिमीटरपर्यंतचा जो गोलसर ठिपका यंत्राला दिसतो, त्याला हे नाव आहे. हे दिसण्याचे वर्णन झाले, रोगाचे नाव नव्हे. हिशेबतपासणीसाने एखाद्या नोंदीपुढे पेन्सिलीने खूण केली म्हणजे अफरातफर सिद्ध होत नाही. ही नोंद पाहावयाची आहे, एवढाच त्या खुणेचा अर्थ असतो.

अशा खुणा अलीकडे इतक्या का सापडू लागल्या, याचे कारण यंत्रातच आहे. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले, तेव्हा एकेका छेदाला काही मिनिटे लागत. आज श्वास रोखून धरण्याच्या अवधीत संपूर्ण छाती एक-एक मिलिमीटरच्या कापांत पाहून होते. साध्या एक्स-रेमध्ये हरभऱ्याएवढा ठिपकाही बहुधा निसटतो. सीटीला ज्वारीच्या दाण्याएवढा, किंबहुना मोहरीएवढाही दिसतो. शिवाय मुतखड्यासाठी पोटाचा स्कॅन काढला तरी फुफ्फुसांचा तळ त्यात येतो, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या पाहताना आजूबाजूचे फुफ्फुसही दिसते. कोरोनाच्या दोन वर्षांत तर ज्यांनी जन्मात छातीचा स्कॅन काढला नसता, त्यांचेही स्कॅन निघाले. शोधले एक आणि सापडले दुसरे, अशी ही गोष्ट आहे.

सापडलेले हे दुसरे बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. लहानपणी कधीतरी क्षयाचे जंतू छातीत शिरले, शरीराने त्यांना वेढून टाकले आणि मागे एक व्रण राहिला, हे आपल्याकडे लक्षावधी लोकांच्या बाबतीत त्यांच्या नकळत घडलेले असते. अशा व्रणात कॅल्शियम साठले असेल तर अहवालात तसे लिहिलेले असते आणि ती समाधानाची खूण मानली जाते. जुना न्यूमोनिया, बुरशीचा संसर्ग, फुफ्फुसातीलच एखादी लहान लसिकाग्रंथी, असे कितीतरी मूळ त्या ठिपक्याचे असू शकते.

अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाले. 55 ते 74 वयाच्या, वर्षानुवर्षे भरपूर धूम्रपान केलेल्या 53,454 लोकांना तिच्यात घेतले होते आणि त्यांतील निम्म्यांची तीन वेळा, वर्षातून एकदा, अल्पमात्रेच्या सीटीने तपासणी झाली. या तपासण्यांपैकी सुमारे 24 टक्क्यांत शंका घेण्याजोगे काही दिसले; आणि अशा शंकित अहवालांपैकी 96.4 टक्के अखेरीस कर्करोगाचे नव्हते असे ठरले. ही सिगारेट ओढणाऱ्यांची आकडेवारी आहे, हे लक्षात घ्यावे. मात्र याच चाचणीत, एक्स-रेने तपासलेल्यांच्या तुलनेत, सीटीने तपासलेल्या गटात फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू 20 टक्क्यांनी कमी आढळले. उरलेल्या साडेतीन टक्क्यांतील काहींसाठी तपासणी जीव वाचविणारी होती. तेव्हा ‘काही नसते हो, सगळ्यांनाच निघते’ असे म्हणून कागद कपाटात टाकणे आणि कागद पाहताच मृत्युपत्र लिहावयास बसणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच अविचाराच्या ठरतात. विडी-सिगारेटला कधी हात न लावलेल्या घरांनी धोका कमी मानावा, शून्य मानू नये. धूम्रपान न करणाऱ्यांनाही हा रोग होतो.

मग डॉक्टर ‘सहा महिन्यांनी पाहू’ असे का म्हणतात? रुग्णाला ती टाळाटाळ वाटते. नातेवाईक दुसऱ्या शहरात ओळखीचा डॉक्टर शोधू लागतात. येथे थोडे गणित उपयोगी पडते, आणि व्यापारी माणसाला व्याजावरचे व्याज समजते, म्हणून हेही समजेल. गोलाचा व्यास सव्वापटीहून किंचित अधिक झाला की त्याचे घनफळ दुप्पट होते. कर्करोगाच्या भरीव गाठीला असे दुप्पट होण्यास साधारणपणे एक महिन्यापासून चारशे दिवसांपर्यंत अवधी लागतो. याहून झपाट्याने फुगणारा ठिपका बहुधा संसर्गाचा असतो, आणि दोन वर्षांत तसूभरही न वाढलेला भरीव ठिपका बहुधा जुना व्रण. आता 6 मिलिमीटरचा एक ठिपका शंभर दिवसांत दुप्पट होणारा आहे असे धरू. शंभर दिवसांनी त्याचा व्यास सुमारे 7.6 आणि दोनशे दिवसांनी सुमारे 9.5 मिलिमीटर होईल. पण पंधरा दिवसांनी तो 6.2 च्या पुढे गेलेला नसेल. दोन वेळच्या मोजणीत एक-दीड मिलिमीटरचा फरक तर श्वास कमीअधिक घेतल्याने आणि मोजणारा हात बदलल्यानेही पडतो. पंधरा दिवसांनी घाईने काढलेल्या स्कॅनमध्ये पैसे जातात आणि शंका होती तेथेच राहते. पाचाचे सहा झाले म्हणून घाबरण्याचे कारण नाही, ते याच गणितामुळे.

सुई घालून तुकडा काढावा, तर इतक्या लहान ठिपक्याला सुई लागणे कठीण, आणि फुफ्फुसाला छिद्र पडून छातीत हवा साठण्याचा धोका वेगळाच. पेट स्कॅन 8 मिलिमीटरहून लहान ठिपक्यांच्या बाबतीत भरवशाचा नसतो. शिवाय क्षयाचा जागता व्रणही त्यात कर्करोगासारखाच उजळून दिसतो. म्हणजे लहान ठिपक्याची खरी परीक्षा काळच घेऊ शकतो. थांबणे हीच येथे तपासणी असते.

या थांबण्याच्या तारखाही मनाने ठरवावयाच्या नसतात. छातीच्या प्रतिमातज्ज्ञांच्या फ्लाइशनर सोसायटी या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2017 साली सुधारलेले नियम जगभर वापरले जातात. भरीव, एकटा, 6 मिलिमीटरहून लहान ठिपका आणि माणूस कमी धोक्याचा असेल, तर पुन्हा स्कॅनची गरज नाही. धोका अधिक असेल तर वर्षाने एकदा पाहावे की नाही, हे डॉक्टर ठरवितात. 6 ते 8 मिलिमीटर असेल तर सहा ते बारा महिन्यांनी, आणि गरजेप्रमाणे पुढे दीड-दोन वर्षांनी. 8 च्या वर असेल तर तीन महिन्यांनी स्कॅन, पेट किंवा सुई यांचा विचार करावयाचा. काचेवर वाफ धरावी तसा धूसर ठिपका सावकाश बदलतो, म्हणून त्याची मुदत पाच वर्षांपर्यंत लांबते. वय, धूम्रपान, घराण्यातील इतिहास, ठिपक्याची कड गुळगुळीत की काटेरी, तो फुफ्फुसाच्या वरच्या भागात आहे की खाली, या सर्वांचा हिशेब त्यात असतो. पूर्वी कर्करोग झालेल्यांना, प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांना आणि 35 वर्षांखालील व्यक्तींना हे नियम लागू नाहीत. आणि आपल्या देशात क्षयाचा विचार डॉक्टरांना त्यात मिळवावा लागतो. तोही पुराव्यावरच मिळवावा. केवळ अंदाजाने क्षयाची औषधे सुरू करून सहा महिने घालविण्यात कर्करोगाचे निदान लांबल्याची उदाहरणे वैद्यकात पुष्कळ आहेत.

हे सर्व वाचून माणसाची भीती जाईल असे मात्र नाही. भीती कशी वागते हे पाहण्यासाठी एका घराची हकिकत पुरेशी आहे.

पश्चिम महाराष्ट्रातील एका बाजारपेठेच्या गावी भुसार मालाची अडत चालविणारे एक शेठजी भाद्रपदात मुतखड्याच्या कळेसाठी स्कॅनला गेले. वय 58. अहवालाच्या शेवटच्या ओळीत उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी 7 मिलिमीटरचा नोड्यूल नोंदलेला होता. खडा औषधाने पडून गेला, ओळ राहिली. छातीरोगतज्ज्ञांनी त्यांना तपासले, प्रश्न विचारले आणि सहा महिन्यांनी छातीचा पूर्ण स्कॅन काढण्यास लिहून दिले. शेठजींनी चिठ्ठी आतल्या खिशात ठेवली आणि घरी कोणाला काही सांगितले नाही.

न सांगण्यामागे भित्रेपणा नव्हता. पेठेत माल नावावर उचलला जातो. अडत्याची प्रकृती ठीक नाही असे कळले की शेतकऱ्याची गाडी शेजारच्या गाळ्यावर लागते आणि ज्याचे देणे आहे तो सहज म्हणून डोकावून जातो. त्यात थोरल्या मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालू होती. गुप्तता राखली ती घराच्या नावासाठी. पण पुढे जे झाले ते पाहावे. पंधरा दिवसांत शेठजींनी तीन जुन्या दुकानदारांकडे सारी उधारी एकदम मागितली. सोयाबीनचा हंगाम तोंडावर असताना खरेदीचा हात आखडला. मुलाकडच्यांना ‘पुढच्या वर्षी पाहू’ असा निरोप गेला. मुनिमाला वाटले, पेढीला खोट आली. मुलाकडच्यांना वाटले, स्थळ पसंत नाही. तिसऱ्या आठवड्यात पेठेत कुजबुज सुरू झाली. ज्या नावासाठी चिठ्ठी लपविली, त्या नावाला धक्का बसला तो लपविण्यामुळेच.

एके रात्री दोन वाजता शेठजी ओसरीवर बसलेले पाहून त्यांच्या पत्नी बाहेर आल्या. “अहो, दुकानाचं काही बिघडलंय का? माझे दागिने आहेत की,” एवढेच त्या म्हणाल्या. तेव्हा कुठे चिठ्ठी बाहेर निघाली. बाईंनी ती दिव्याखाली धरून वाचली आणि म्हणाल्या, “तारीख तर होळीच्या पुढची आहे. तोवर सोयाबीन तरी घ्या.”

या उत्तरात एखाद्या समुपदेशकाइतके शहाणपण होते. दुसऱ्या दिवशी मुलगा, सून आणि शेठजींचे धाकटे बंधू यांना सांगितले गेले. मुनिमालाही कामापुरते सांगितले, बाहेर कोणाला नाही. सुनेने विचारले, “पप्पा, कोरोनात छातीचा स्कॅन काढला होता ना? तो कुठाय?” 2021 साली तो काढला होता खरा; पण त्याची फिल्म आणि सीडी दोन दिवाळ्यांपूर्वीच्या आवरसावरीत रद्दीबरोबर गेली होती. त्याच माळ्यावर आजोबांच्या काळच्या वह्या लाल कापडात बांधून नीट ठेवलेल्या होत्या. ती सीडी सापडती आणि त्यातही तोच 7 मिलिमीटरचा ठिपका दिसता, तर कदाचित पुढचे थांबणेच वाचले असते. ज्या घरात पन्नास वर्षांची खतावणी मिळते, त्या घरात तीन वर्षांपूर्वीचा स्कॅन मिळू नये, हे आपल्या व्यापारी शिस्तीला शोभणारे नाही.

फाल्गुनात स्कॅन झाला. ठिपका 7 मिलिमीटरच होता, कड गुळगुळीत होती. डॉक्टरांनी वर्षानंतरची तारीख दिली. प्रकरण मिटले असे कोणी म्हटले नाही. हुंडीची मुदत वाढली एवढेच. ते स्थळ मात्र दिवाळीतच दुसरीकडे ठरून गेले होते.

अशा वेळी धर्माचा आधार घ्यावा असे सर्वच सांगतात. तो कसा घ्यावा हे फारसे कोणी सांगत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्त, रौद्र, धर्म्य आणि शुक्ल असे ध्यानाचे चार प्रकार आहेत. त्यांपैकी आर्तध्यानाचे पुन्हा चार भेद केले आहेत. नकोसे वाट्याला आले म्हणून, हवेसे दुरावले म्हणून, वेदनेमुळे, आणि पुढील भोगांच्या लालसेने. (या चौथ्याचे नाव ‘निदान’ असे आहे. डॉक्टरांच्या निदानाशी त्याचा संबंध नाही. प्रवचनात शब्द कानी पडला म्हणून कोणी दचकू नये.) न दुखणाऱ्या ठिपक्यासाठी रात्र जागून काढणे हे तिसऱ्या भेदाच्या जवळचे. फरक एवढाच की येथे वेदना शरीरात नसते, ती येईल या विचारात असते. सूत्रकारांनी हे ध्यान अविरतांना, देशविरत श्रावकांना आणि प्रमत्तसंयत मुनींनाही संभवते असे म्हटले आहे. महाव्रते घेतलेल्यांनाही जे पूर्णपणे चुकत नाही, ते गल्ल्यावर बसणाऱ्याला झाले तर त्याने शरमेने मान खाली घालण्याचे कारण नाही. ‘इतकी वर्षे सामायिक करता आणि इतके घाबरता?’ असे विचारणाऱ्या पाहुण्यांनी ते सूत्र पुन्हा वाचावे.

समाचाराला येणाऱ्यांचे दुसरे एक ठरलेले वाक्य असते: ‘असातावेदनीयाचा उदय, भोगल्याशिवाय सुटका नाही.’ वाक्य खोटे नाही, पण ते अवेळी बोलले जाते. उदय आहे की नाही, याचाच निर्णय अजून व्हावयाचा असतो. शिवाय सहाव्या अध्यायात असातावेदनीयाच्या आस्रवाची कारणे दिली आहेत ती दुःख, शोक, ताप, आक्रंदन हीच. मग ती स्वतःच्या ठायी असोत वा दुसऱ्याच्या ठायी उत्पन्न केलेली. शोक करीत बसल्याने जुने कर्ज फिटत नाही, नवे मात्र निघते. याच सूत्रावर आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत वैद्याचा दृष्टांत दिला आहे. करुणेने मुनींचे गळू फोडणारा वैद्य दुःखाला निमित्त होतो, तरी तेवढ्याने त्याला पापबंध होत नाही. पुढे कधी बायोप्सीची वेळ आली आणि घरातील कोणी धर्माच्या नावाने सुईला नको म्हणू लागले, तर हा दृष्टांत त्यांच्यापुढे ठेवावा.

वडीलधारी मंडळी कधी कधी अहवाल पाहताच सल्लेखनेची भाषा बोलू लागतात. रत्नकरंडक श्रावकाचारात रोगासंबंधीची अट अशी आहे की तो निष्प्रतिकार असावा, त्यावर उपाय उरलेला नसावा. ज्याचे अजून नावही ठरलेले नाही अशा हरभऱ्याएवढ्या ठिपक्याला ती अट लावणे हा त्या व्रताचा मान नव्हे.

सामायिकाच्या 48 मिनिटांत ठिपका मनात येणारच. आला तर येऊ द्यावा, त्याच्याशी भांडू नये, आणि पुन्हा पाठाकडे वळावे. चिंतेला मात्र दिवसात वेगळी जागा द्यावी, म्हणजे ती सगळीकडे पसरत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 साली नेमका हाच उपाय तपासून पाहिला. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, अर्धा तास चिंतेसाठी राखून ठेवावयाचा. इतर वेळी चिंता आली की तिला त्या अर्ध्या तासावर ढकलावयाचे आणि हातातील कामाकडे वळावयाचे. असे करणाऱ्यांची चिंता न करणाऱ्यांपेक्षा कमी झाली. दुकानदारांना ही रीत नवी नाही. दिवसभर गिऱ्हाइकी चालू असताना कोणी रोजमेळ लावीत नाही. तो दुकान वाढविल्यावर लावला जातो. रोजमेळानंतर एका वेगळ्या वहीत त्या दिवसाची भीती दोन ओळींत लिहावी, आणि तिच्यापुढे आज करता येण्यासारखे काही आहे का ते लिहावे. बहुतेक दिवशी ते रकाने रिकामे राहतील. रात्री अंथरुणात मोबाइलवर शोध घेणे तर कटाक्षाने टाळावे. तेथे 5 मिलिमीटरवाल्याला 50 मिलिमीटरवाल्याची गोष्ट वाचावयास मिळते. आणि आठवड्यामागून आठवडे झोप नाही, भूक नाही, धंद्यात लक्ष नाही अशी स्थिती झाली तर मनाच्या डॉक्टरांकडे जावे. त्यात कमीपणा नाही.

काही कामे अशा वेळी हटकून आठवतात: वारसनोंद, भागीदारीचा करार, मृत्युपत्र. ती जरूर करावीत, पण ती आजारपणाची कामे नव्हेत. ठिपका नसता तरी ती राहिलेलीच होती. नवीन आरोग्य विमा घेताना अर्जात ठिपक्याचा उल्लेख प्रामाणिकपणे करावा. लपविल्याने हप्ता वाचल्यासारखा वाटतो आणि नेमक्या गरजेच्या वेळी दावा नाकारला जातो. किरणांची भीती बाळगून तारीख चुकवू नये. अल्पमात्रेच्या छातीच्या स्कॅनमध्ये सुमारे दीड मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग होतो, तर माणसाला निसर्गातून वर्षाकाठी सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतच असतो.

आणि मुदती हुंडीचा खरा धोका दुसऱ्या बाजूला आहे. पहिले दोन महिने माणूस रोज मरतो, चौथ्या महिन्यात विसरतो आणि सहाव्या महिन्यात लग्नसराई असते. स्त्रियांच्या बाबतीत हे फारच घडते. घरातील बाईची तारीख मुलाच्या परीक्षेसाठी, सासूबाईंच्या वर्षीतपाच्या पारण्यासाठी, चातुर्मासात गावी आलेल्या महाराजसाहेबांच्या गोचरीसाठी पुढे ढकलली जाते आणि तिला स्वतःलाही ते गैर वाटत नाही. तारीख दुकानाच्या दिनदर्शिकेवर लिहावी, मुलाच्या मोबाइलवर टाकावी, आणि ती जीएसटीच्या तारखेइतकी पक्की मानावी. थुंकीतून रक्त पडले, कारण नसताना वजन उतरू लागले, आवाज बसला तो तीन आठवडे सुटला नाही, तर तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. तेथे मुदतीचा नियम संपतो.

स्कॅनला जाताना शक्यतो तेच केंद्र निवडावे आणि मागील सीडी बरोबर न्यावी. पेट स्कॅनसाठी काही तास उपाशी राहावे लागते, पण पाणी चालते. त्या दिवसाला लागून चौविहार उपवास असेल किंवा मधुमेहाची औषधे चालू असतील तर केंद्रावर आधी सांगावे. बरोबर घरातील एकाने जावे, चौघांनी नव्हे. अहवाल हाती आला की प्रथम मागील मापाशी तुलना केलेली ओळ शोधावी. ती लिहिलेली नसेल तर केंद्रावरून उठू नये. जुनी सीडी पुढे करून ती लिहवून घ्यावी.